तीन हजारांत धड हेडफोन: जुनं शास्त्रीय ऐकायला काय घ्यावं?

शिरोलीचा_हिशेब (सोमवार, रात्री ११:१०)

राम राम मंडळी. मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या अकाउंट्समध्ये आहे. ऑफिस बाजूला असलं तरी मधली भिंत पत्र्याची, त्यामुळं दिवसभर ग्राइंडिंगचा आवाज कानात असतोच. रात्री घरात सामसूम झाली की तासभर जुनं शास्त्रीय ऐकतो. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, म्हणजे आपल्या जयपूर-अत्रौली घराण्याचीच मंडळी जास्त. बरंचसं मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं, काही आकाशवाणीचं.

आतापर्यंत जुन्या फोनबरोबर आलेले इअरफोन वापरले. नवीन फोनला साडेतीन मिमीचं भोकच नाही. बजेट तीन हजार, फारच पटलं तर साडेतीन. चष्मा आहे. आठवड्यात एखाद-दुसरा कॉल येतो, माइक असला तर बरा, नसला तरी अडणार नाही. राजारामपुरीत दोन दुकानं फिरलो. प्रत्येक डबा काढला की पोरगं म्हणतं, "सर, बास एकदम कडक." मला बास नको असं नाही, पण मला तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, ऐकायचाय, मिरवणुकीतला डीजे नव्हे.

वायरचं घेऊ की बिनवायरचं? कानात घालायचं की कानावर बसणारं?

मिरजकर_तिकटी (सोमवार, रात्री ११:२२)

भावा, इषय हाय का! दीड हजारात टीडब्ल्यूएस, म्हंजे बिनवायरची कानातली जोडी, घे, उरलेल्या दीड हजारात रस्सा मंडळ कर आणि आम्हाला बोलव. माझी जोडी दोन वर्षं जिममध्ये घाम खातीया, अजून ठणठणीत. आधी पाच तास चालायची, आता दोन-अडीच चालती. पण जिम तरी कुठं पाच तास असती?

कोथरूडला_अडकलेला (मंगळवार, सकाळी ७:४०)

बॅटरी निम्म्यावर आली आणि म्हणे ठणठणीत! कोल्हापूर सोडून इतकी वर्षं झाली, पण हा आत्मविश्वास वाचला की गहिवरून येतं.

हिशेबराव, रात्री ऐकताना शेजारी कुणी झोपलेलं असतं का, ते सांगा आधी. त्यावर निम्मा निर्णय आहे.

शिरोलीचा_हिशेब (मंगळवार, सकाळी ८:०५)

बायको असते. आणि तिचे कान फार तिखट.

कोथरूडला_अडकलेला (मंगळवार, सकाळी ८:११)

मग ओपन-बॅक बाद. त्यांच्या कपांना मागून जाळी असते, आवाज मोकळा आणि हवेशीर येतो खरा, पण निम्मी मैफल शेजारच्याला फुकट. कॉसचा पोर्टा प्रो सुचवणार होतो. १९८४ चं डिझाइन, अजून बनतंय, वजनाला काही नाही, गायकी सुंदर वाजवतो. पण वहिनी उठतील.

ध्वनिवेडा (मंगळवार, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, लांबेल.

आधी पैशाचं बोलू, कारण प्रश्न पैशाचाच आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. २८३ हेडफोन आणि इअरफोन यंत्रावर मोजले: कोणत्या फ्रीक्वेन्सीला आवाज किती वर जातो, किती खाली. मग ती मोजमापं किमतीशेजारी ठेवून बघितली. मेळच बसला नाही. महागाचा आवाज जास्त सरळ असेल असं नाही, स्वस्ताचा वाकडा असेल असंही नाही. हेडफोन म्हणजे काही कास्टिंग नव्हे, किलोवर भाव लागायला.

मग पैसे जातात कुठं? बॅटरी, ब्लूटूथची चिप, दोन-तीन माइक, ॲप, चार्जिंगची डबी आणि जाहिरातीतला क्रिकेटपटू. तीन हजारांच्या बिनवायरच्या जोडीत एवढं सगळं भागवून आवाज काढणाऱ्या ड्रायव्हरच्या वाट्याला काय उरत असेल, हे तुम्ही अकाउंट्सवाले आमच्यापेक्षा चांगलं सांगाल. वायरवाल्यात यातलं बरंचसं नसतंच. म्हणून या बजेटला माझं मत स्पष्ट आहे, वायर घ्या. पंधरा हजार असते तर कदाचित वेगळं बोललो असतो.

आता डब्यावरचे आकडे. "१० ते ४०,००० हर्ट्झ" वाचून भुलू नका. माणसाचा कान २० ते २०,००० ऐकतो, तोही तरुणपणी. चाळिशीनंतर वरची बाजू उतरतच जाते. शिवाय त्या पट्ट्यात आवाज सारखा येतो की डोंगरदऱ्यांनी, हे तो आकडा सांगतच नाही. ड्रायव्हर ४० मिमीचा की ५० मिमीचा यावरूनही काही ठरत नाही. उपयोगाचे आकडे दोनच, ओहम (विजेला अडथळा किती) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेत आवाज किती मोठा). फोनवर ऐकणार असाल तर १६ ते ५० ओहमच्या आसपासचं घ्या. अडीचशे-तीनशे ओहमवाला फोनला लावलात तर आवाज मरतुकडा येईल.

तुमच्यासाठी मी कानात घालायचे वायरचे इअरफोन सुचवेन, ज्याला लोक आयईएम म्हणतात. चष्म्याची दांडी आड येत नाही, बाहेर आवाज जात नाही. दोन हजारांच्या अलीकडं-पलीकडं मूनड्रॉपचा चू २, सेव्हन-हर्ट्झचा सॅलनोट्स झीरो, ट्रूथइअरचा होला ही नावं बघा. किमती रोज हलतात, त्यामुळं नेमका भाव सांगत नाही. या तिघांची वायर निघते आणि बदलता येते, हा मोठा फायदा. हजाराच्या आत केझेडचा ईडीएक्स प्रो आहे, पैसे वसूल आहे, पण त्याचा खालचा आणि वरचा आवाज दोन्ही चढवलेला. हिंदी सिनेमाची नवी गाणी मस्त वाजतील, तुमच्या तबकड्यांची खरखर मात्र कानात टोचेल.

वरचे उरलेले पैसे डोंगलसाठी, म्हणजे तुमच्या फोनला इअरफोनची पिन जोडणाऱ्या छोट्या वायरसाठी, ठेवा. त्याचं संध्याकाळी लिहितो, साहेब आले.

मिरजकर_तिकटी (मंगळवार, दुपारी १:४४)

लई अभ्यास हाय भावाचा. पण वायर म्हंजे गुंता. खिशातनं काढली की पहिली पाच मिनिटं सोडवण्यात.

सोल्डर_आण्णा (मंगळवार, दुपारी ३:१५)

गुंता होतो कारण पोरं फोनभोवती आवळून गुंडाळतात. तीन बोटांवर सैल गुंडाळी करून खिशात टाकायची, गुंतत नाही.

माझं दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याकडं येणाऱ्या इअरफोनमध्ये आवाज बिघडलेला क्वचित. बहुतेकांची वायर पिनपाशी तुटलेली असते, जिथं ती प्लगातून बाहेर येते तिथं. एका कानात आवाज येतो-जातो, वायर जरा वाकवून धरली की येतो. गिऱ्हाईक तशी वाकवून रबर लावूनच आणतं.

आतली वायर केसासारखी बारीक असते, तिच्यावर रंगीत लाखेचा थर असतो, लाल म्हणजे उजवा, हिरवा किंवा निळा म्हणजे डावा, तांब्याच्या रंगाची उघडी ती ग्राउंड. ती लाख सोल्डरिंग गनच्या टोकानं जाळून काढल्याशिवाय कथील धरतच नाही. घरी यूट्यूब बघून करणारे तिथंच हरतात, मग म्हणतात आण्णा, जोडलं पण वाजंना.

म्हणून विकत घेताना मी दोनच गोष्टी बघतो. प्लगापाशी लवचिक रबरी बाही आहे का. आणि वायर इअरफोनमधून निघते का. निघत असेल तर तुटल्यावर माझ्याकडं यायचं कारणच नाही, नवी वायर लावा. माझा धंदा बुडतो, पण खरं ते सांगितलं.

टीडब्ल्यूएस दुरुस्तीला आणू नका. चिकटवलेलं असतं, उघडलं की गेलं. आतली बॅटरी वाटाण्याएवढी.

कानसेन (मंगळवार, सायंकाळी ६:५०)

तानसेन होता आलं नाही म्हणून कानसेन झालेल्यांपैकी मी एक. ध्वनिवेडा यांचं बरंच पटलं, पण "महागात काही नसतं" असा सूर निघतोय त्याला माझा विरोध. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ सालचा. अजून मिळतो. त्याची गादी, वायर, डोक्यावरचा पट्टा, सगळं सुटं मिळतं. ज्यानं तेव्हा घेतला तो आजही वापरतोय. दर दोन वर्षांनी तीन हजारांचे हेडफोन बदलत बसणाऱ्यानं हिशेब मांडावा.

आणि कोणताही हेडफोन घेतला की आधी शंभरएक तास वाजवत ठेवावा, म्हणजे ड्रायव्हर मोकळा होतो. पहिल्या दिवशी निकाल देऊ नये.

ध्वनिवेडा (मंगळवार, रात्री ९:२०)

कानसेनकाका, एचडी ६०० बद्दल आदर आहे, सुटे भाग मिळतात हा मुद्दा तर एकदम मान्य. पण तो ३०० ओहमचा, म्हणजे फोनला जमणार नाही, वेगळा ॲम्प हवा. आणि तो ओपन-बॅक आहे. हिशेबरावांच्या घरी शांतता भंग होईल.

शंभर तासांचं मात्र नाही पटत. तेवढ्या तासांत ड्रायव्हरपेक्षा आपला कान बदलतो, त्या आवाजाला सरावतो. शिवाय शंभर तास वाजवत बसलं तर दुकानाची परत करायची मुदत निघून जाते, हा फायदा कुणाचा ते बघा.

कानसेन (मंगळवार, रात्री ९:३५)

ऐकू येतं त्याला मोजमापाची गरज नसते.

कोथरूडला_अडकलेला (मंगळवार, रात्री ९:३८)

झालं सुरू. कुस्ती तालमीतल्या लाल मातीत, इथं नको.

ध्वनिवेडा (मंगळवार, रात्री १०:०५)

डोंगलचं राहिलं होतं. टाइप-सी वरून साडेतीन मिमी करणारी छोटी वायर दोन जातीची मिळते. एकीत नुसती तार असते, ती फोनमधूनच आलेला ॲनालॉग आवाज पुढं ढकलते. असा आवाज काही फोन देतात, काही देत नाहीत. दुसरीत डॅक, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप असते. दुकानदाराला फरक माहीत असतोच असं नाही, दोन्ही एकाच खोक्यात पडलेल्या असतात. डॅकवाली मागा, आपला फोन लावून वाजवून बघा, मगच पैसे द्या. ॲपलची डॅकवाली नावाजलेली आहे, पण काही अँड्रॉइड फोनवर तिचा आवाज फार हळू येतो. त्यामुळं तीही आधी लावूनच बघा.

जवारी_मिरज (बुधवार, सकाळी ६:५५)

मिरजेहून नमस्कार. आमच्या घरात पिढ्यांपासून तंबोऱ्याचं काम. मी हेडफोनचा जाणकार नाही, पण ऐकायची एक रीत सांगतो.

दुकानात गेल्यावर त्यांनी लावलेलं गाणं ऐकू नका. ते निवडलेलंच असतं भारी वाटायला. आपल्या फोनमध्ये नुसता तंबोरा दोन मिनिटं ठेवा, चांगल्या मुद्रणाचा. चार तारा: पंचम, जोड, जोड (दोन्ही मधल्या षड्जाच्या), खर्ज (खालचा षड्ज). पुरुषाच्या काळी एकला लावलेला असेल तर षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, खर्ज ६९. वाईट हेडफोनवर खर्ज वाजला की घुमतो आणि त्याच्या घुमण्यात पुढचा पंचम बुडतो. जोडाच्या दोन तारा एकच तार दोनदा छेडल्यासारख्या वाटतात, वेगळ्या कळत नाहीत. चांगल्यावर जवारीचा, म्हणजे घोडीवर तार घासून उमटणारा, झंकार तार छेडल्यावर लगेच येत नाही, जरा थांबून फुलतो, मग उतरतो. आम्ही दोरा सरकवून जवारी खोलतो तेव्हा कान तिथंच असतो. तो फुलण्याचा भाग ऐकू आला की समजायचं, वरचे स्वरांश धड येतायत.

त्यानंतर आपल्या ऐकण्यातली, पाठ झालेली एक चीज लावा. नवी नको.

शिरोलीचा_हिशेब (बुधवार, सकाळी ८:३०)

वा! हे कुणी दुकानदार सांगणार नाही. जवारीदादा, मनापासून आभार.

एक शंका. तबकड्यांची खरखर कमी होईल असा हेडफोन असतो का? केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीवर चढून सूर्यमालेबाहेर निघाली, आणि मला इथं बाईंच्या बाकीच्या तबकड्या खरखरीतून वेचून ऐकाव्या लागतात.

ध्वनिवेडा (बुधवार, सकाळी ९:१०)

खरखर मुद्रणातच आहे. पण वाढवणारा हेडफोन असतो, तो टाळायचा.

१९२५ च्या आधी भोंग्यापुढं गाऊन मुद्रण व्हायचं, त्यात चार-पाच हजार हर्ट्झच्या वर जवळपास काही नसतं. मग मायक्रोफोन आणि विजेवरचं मुद्रण आलं, पल्ला वाढला. तरी ७८ च्या तबकडीवर अगदी वरच्या पट्ट्यात गाणं कमी आणि सुईचं घासणं जास्त, हे खरंच. त्यामुळं ज्या हेडफोनचा वरचा आवाज चढवलेला असतो, ज्याला परीक्षणवाले "डिटेल" म्हणून नावाजतात, तो तुमच्यासाठी वाईट.

अँड्रॉइडच्या साध्या इक्वलायझरमध्ये बहुतेकदा पाच पट्ट्या असतात: ६०, २३०, ९१०, ३.६ हजार आणि १४ हजार. तबकड्या ऐकताना १४ हजारची पुरती खाली ओढा. ३.६ ला हात लावू नका, गायकाच्या आवाजाची धार तिथं असते. ती घालवली की खरखर जाते आणि बाईही पडद्याआड जाऊन बसतात. ६० ची थोडी खाली आणली तर तबकडी फिरण्याची घरघरही कमी होते.

आणि जुनं सगळं मोनो आहे. हेडफोनवर ते डोक्याच्या मधोमध ऐकू येणार, तसंच यायला पाहिजे. कुणी ते ओढूनताणून "स्टिरिओ" केलेलं टाकलं असेल तर सोडून द्या.

कोथरूडला_अडकलेला (बुधवार, सकाळी ९:४०)

बिनवायरचं कुणाला घ्यायचंच असेल तर एलडॅकवालंच (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) घ्यावं का? दुकानात फार कौतुक करतात.

ध्वनिवेडा (बुधवार, सकाळी ९:५८)

एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत नेतं, साधं एसबीसी ३२८ च्या आसपास. आकड्यात तिप्पट. पण आयफोनला एलडॅक चालतच नाही, तिथं एएसी. आणि हिशेबरावांच्या तबकड्यांत तेवढा माल भरलेलाच नाही. या कामासाठी त्याचे जादा पैसे देऊ नयेत.

फसायची खरी जागा दुसरी आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात "ईएनसी" लिहिलेलं असतं. ते माइकसाठी, म्हणजे कॉलवर समोरच्याला तुमच्या मागची गाडी कमी ऐकू यावी म्हणून. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. कानासाठी असतं ते "एएनसी". तेही बसच्या इंजिनाची घरघर, पंख्याचा आवाज कमी करतं, शेजारच्या सीटवरच्या गप्पा फारशा नाही.

मिरजकर_तिकटी (बुधवार, सकाळी १०:१२)

थांबा थांबा. माझ्या डब्यावर ईएनसीच हाय. म्हंजे दोन वर्षं मी उगाच म्हणतोय की आवाज बंद होतोय?

कोथरूडला_अडकलेला (बुधवार, सकाळी १०:१५)

रबरी बोंडानं होत असेल रे. कान बुजवला की जगाचा आवाज कमी येतोच.

देवल_क्लबच्या_मागं (बुधवार, दुपारी ४:३०)

मी गाणं शिकवते, म्हणून थोडं वेगळं लिहिते. इथं गाणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

ब्लूटूथवर आवाज जरा उशिरा येतो, सेकंदाचा एखाद-दुसरा दशांश. ठेक्याच्या ॲपवर नुसतं गायला त्यानं अडत नाही, कारण जो ठेका कानावर येतो त्यालाच आपण धरून गातो. पण स्वतःचा आवाज माइकमधून परत कानात घ्यायचा असेल, तर तो मागून येतो आणि लय हमखास ओढली जाते. तिथं वायरच हवी.

दुसरं, घट्ट बसणारे इअरफोन दोन्ही कानांत घालून रियाज करू नका. कान बुजला की आपलाच आवाज आत घुमतो, आपण सुरात आहोत असं वाटत राहतं. माझ्या एका विद्यार्थिनीचा गंधार असाच उतरत होता, एक कान मोकळा ठेवायला लावला तेव्हा ठिकाणावर आला.

हिशेबदादा, तुम्हाला नुसतं ऐकायचंय, त्यामुळं ध्वनिवेडा म्हणतात ते बरोबर आहे. कोल्हापुरात खाँसाहेब अल्लादिया खाँ राहिले, शाहू महाराजांच्या दरबारी गायले, आणि आपल्याच गावात ही गायकी कानात गोळी घालून ऐकायची वेळ आली, याचं थोडं वाईट वाटतं. बैठकीला येत जा की अधूनमधून.

शिरोलीचा_हिशेब (बुधवार, सायंकाळी ७:१०)

ताई, येतो. महिनाअखेर आणि जीएसटीचं रिटर्न सोडून कधीही सांगा.

श्रवण_तपासणी (बुधवार, रात्री १०:४०)

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. धाग्यात आवाजाच्या दर्जावर भरपूर झालं, पातळीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब असा: प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास. त्याच्यावर दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल धरतात.

हिशेब सर, तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं वेगळंच आहे. दिवसभर कारखान्याच्या आवाजात राहिलेला कान संध्याकाळी काही काळ बधिर असतो. मग नेहमीचा आवाज कमी वाटतो आणि माणूस नकळत दोन पायऱ्या वाढवतो. थकलेल्या कानावर आणखी भार पडतो. रविवारी सकाळी, रात्रभर शांत झोप झाल्यावर, तुमचं आवडतं गाणं लावा आणि पुरेसं वाटेल तिथं आवाजाची पायरी बघून ठेवा. रात्री ऐकताना तिच्या वर जायचं नाही. दहा मिनिटांत कान जुळवून घेतो.

घट्ट बसणाऱ्या इअरफोनचा इथं फायदाच आहे, बाहेरचा आवाज आत येत नाही म्हणून वाढवावं लागत नाही. पण ते फौंड्रीत घालून गाणी ऐकणं हा बचाव नव्हे. शॉपफ्लोअरवर जाणं होत असेल तर कंपनीकडून इअरमफ किंवा इअरप्लग मागून घ्या. एएनसीवाले हेडफोनही त्या कामाचे नाहीत. कानात सतत बारीक शिटी वाजत असेल तर तपासणी करून घ्या, लांबवू नका.

शिरोलीचा_हिशेब (बुधवार, रात्री ११:०२)

डॉक्टर, हे वाचून जरा चपापलो. शिटी नाही, पण रात्री आवाज वाढवतो हे खरं. इअरप्लगची मागणी उद्याच टाकतो, खरेदी खात्यात आपलाच माणूस आहे.

कानसेन (गुरुवार, सकाळी ७:२०)

एक राहिलं. नावाजलेल्या ब्रँडच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत, डबा आणि होलोग्रामच्या स्टिकरसकट. निम्म्या भावात कुणी देत असेल तर घेऊ नये. बिल पक्कं घ्या, एक वर्षाची वॉरंटी त्या बिलावरच चालते.

आणि कानावरचे मोठे घेणाऱ्यांसाठी: आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात रेक्झिनच्या गाद्यांचे दोन-तीन वर्षांत पापुद्रे निघतात, मानेवर काळा कोंडा पडतो. त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का ते आधीच बघावं. ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेच्या सहज मिळतात. एम२०एक्स बजेटच्या थोडा बाहेर जाईल आणि त्याची वायर तीन मीटरची, न निघणारी. टेबलावर बसून ऐकणाऱ्याला ठीक, पलंगावर पडून ऐकणाऱ्याला फास.

शिरोलीचा_हिशेब (रविवार, दुपारी १२:४५)

घेतले!

काल दुकानात चार जोड्या ऐकल्या. जवारीदादांच्या सांगण्याप्रमाणं आधी तंबोरा लावला. पोरगं बघतच राहिलं, म्हणालं सर, गाणं सुरू कधी होणार? एका जोडीत खर्ज असा घुमला की पंचम शोधावा लागला, ती दोन मिनिटांत बाजूला ठेवली. मोठे कानावरचेही घालून बघितले, चष्म्याची दांडी कानशिलापाशी रुतायला लागली आणि फटीतून बास गळायला लागला. शेवटी सॅलनोट्स झीरो घेतले. माइकवाली वायर मिळाली. डोंगल तिथं तीन निघाले, पहिला माझ्या फोनवर मुका, दुसऱ्यात आवाज आला पण खरखरीसकट, तिसरा घेतला. दोन्ही मिळून तीन हजारांच्या आतच.

रात्री लावले आणि पहिल्यांदा निराशा झाली, आवाज पत्र्यासारखा, बायाँ गायब. मग डब्यातली रबरी बोंडं बदलत बसलो. माझ्या उजव्या कानाला मधलं आणि डाव्याला छोटं लागतंय, दोन्ही कान सारखे नसतात हे आजच कळलं. बोंड नीट बसलं, कान बंद झाल्यासारखं वाटलं आणि बायाँची मींड जागेवर आली. १४ हजारची पट्टी खाली ओढली, ३.६ ला हात लावला नाही.

मन्सूरांच्या एका आकाशवाणीच्या मुद्रणात मागं कुणीतरी खोकतं, ते आजवर मला मुद्रणातला बिघाड वाटायचं. तो माणूस आहे. डाव्या अंगाला बसलाय.

ध्वनिवेडा (रविवार, दुपारी १२:५८)

डावीकडं कसा? मोनो ना ते?

शिरोलीचा_हिशेब (रविवार, दुपारी १:०३)

नंतरचं मुद्रण आहे, स्टिरिओ असावं. नाहीतर डावं बोंड अजून नीट बसलेलं नाही.

देवल_क्लबच्या_मागं (रविवार, दुपारी १:२०)

दोन्ही इअरफोन काढून उलटसुलट कानांत घालून बघा. खोकणारा उजवीकडं गेला तर मुद्रणात आहे, डावीकडंच राहिला तर कानात.

मिरजकर_तिकटी (रविवार, दुपारी १:३१)

हिशेबभाऊ, खोकणारा असू दे. तीन हजारांतनं उरलं किती? रस्सा मंडळाचं काय ठरलं?

शिरोलीचा_हिशेब (रविवार, दुपारी १:४०)

खोकणारा उजवीकडं गेला, म्हणजे मुद्रणातच आहे. उरले एकशे ऐंशी. तेवढ्यात कांदे येतील, मटण तू आण.